आत काय भरणार?

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी आहेराच्या भांड्यांना भेटायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कुणी काय दिलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते खिशातून करंगळीएवढं चुंबक काढायचे, मांडून ठेवलेल्या हंड्या-पातेल्यांना एकेक करून लावायचे, आणि एखाद्याला ते बसलं, म्हणजे स्टील हलकं निघालं, की मान हलवून म्हणायचे, "चिकटलं." पण म्हणायचे अशा सुरात, की ज्यानं ते भांडं दिलं त्याला वाटावं, आपल्या हातून काहीतरी अघोरी घडलं. आमच्याकडच्या एका फिटरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मुलीच्या मामाचा अख्खा सेट असा निकालात काढला. मामा शिरूर कासारचा, फटकळ. तो म्हणाला, "सायेब, चिकटतंय तर चांगलंच हाय की. हातातून पडायचं न्हाई." साहेबांना हे उत्तर इतकं आवडलं की पंगतीत ते मामाच्याच शेजारी बसले आणि त्याला स्टीलचे प्रकार समजावून सांगू लागले. मामा हात धुवायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

साहेब आमच्या डिस्टिलरीत होते. बीडच्या बाहेर उजाड माळावर एका साखर कारखान्याला जोडून ही डिस्टिलरी आहे. मळीपासून स्पिरिट काढायचं तिथलं काम. तिथं जे काही लोखंडाचं, स्टीलचं, पितळेचं होतं त्याची तब्येत सांभाळणं हे साहेबांचं काम. कोणत्या टाकीला कोणता धातू घ्यायचा, कोणता पाइप आणखी एक हंगाम काढेल आणि कोणता नाही, हे ते ठरवायचे. मी लॅबमध्ये केमिस्ट. आमचं घर बीडच्या जुन्या पेठेत, आणि धंदा पिढीजात कल्हईचा. भाता मारून मारून अब्बांनी मला बी.एस्सी. केलं. मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी माझी मार्कलिस्ट उलटी करून ठेवली आणि विचारलं, "घरी आमटी कशात करता?" मी म्हटलं, "कल्हईच्या पातेल्यात." ते म्हणाले, "मग या उद्यापासून." बाकीचे मुलाखत घेणारे एकमेकांकडे बघत राहिले.

त्यांच्यासमोर "गंज चढला" म्हणायची सोय नव्हती. लगेच हात वर करायचे. "चढत काही नाही हो. लोखंड जातं. जातं त्याच्याकडे बघा." आणि दुसरा त्यांचा हुकमी प्रश्न म्हणजे, "आत काय भरणार?" कुणीही काहीही विचारायला आलं की आधी हाच प्रश्न. टाकीबद्दल विचारलं तर ठीकच आहे, टाकीत आम्ल भरणार की पाणी, गरम की गार, थांबलेलं की वाहतं, हे कळल्याशिवाय धातू कसा सांगणार? पण कुणी घर बांधायला काढलं, तरी तोच प्रश्न. माझ्यासाठी परभणीचं स्थळ आलं तेव्हा अब्बांनी त्यांना मोठ्या विश्वासानं सल्ला विचारला. साहेब गंभीरपणे म्हणाले, "मुलगी उत्तम आहे, मुलगाही चांगला असेल. पण त्या घरात काय भरलंय ते आधी सांगा. माणसं किती, तापट किती, गप्प किती."

अब्बा म्हणाले, "साब, निकाह हाय. टाकी न्हाई."

"फरक काय आहे?" साहेबांनी खरोखरच विचारलं. ते लग्न झालं, माझी नोकरीही सुटली नाही, आणि बरं चाललं आहे. त्याचं श्रेय साहेब अजूनही स्वतःकडे घेतात.

त्यांच्या हातात कायम एक छोटी हातोडी असायची. प्लॅन्टमधून चालताना दिसेल त्या टाकीवर, पाइपवर टिचकी मारल्यासारखी हातोडी मारायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मला त्यांनीच ते शिकवलं. भरलेलं भांडं बद्द वाजतं. पत्रा आतून झिजून पातळ झाला असेल तर आवाज फाटका येतो. रिकामं, सणसणीत भांडं लांबवर वाजत राहतं, आणि तो आवाज एकदा कानात बसला की विसरता येत नाही. पहिले काही महिने मला सगळं सारखंच वाटायचं. मग एक दिवस मी डोळे मिटून अचूक सांगितलं, "रिकामी," तर साहेबांनी आनंदानं कॅन्टीनमधून दोन चहा मागवले आणि बोलण्याच्या नादात दोन्ही स्वतःच प्यायले.

आणि त्या पट्ट्या. धातूच्या बोटभर लांबीच्या पट्ट्या वजन करून नायलॉनच्या दोरीनं टाकीत लटकवायच्या, हंगाम संपला की काढायच्या, खोडरबरानं घासून परत वजन करायच्या. वजन जेवढं घटलं तेवढा धातू त्या द्रवानं खाल्ला. ही रीत सगळीकडची आहे. पण साहेबांचं समाधान टाक्यांवर होईना. त्यांनी कूलिंग टॉवरमध्ये पट्ट्या लटकवल्या, स्वतःच्या न्हाणीतल्या बादलीत लटकवल्या, आणि एकदा लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेले असताना तिथल्या एका विहिरीच्या कठड्यालाही एक बांधून आले. काही महिन्यांनी काढायला गेले तर त्या कठड्याला दोऱ्याच दोऱ्या. कुणी बांगडी बांधलेली, कुणी नाणं, कुणी पाळण्याची खेळणी. साहेबांची पट्टी बघून लोकांना वाटलं, इथं नवस बोलायची जागा आहे. एका बाईनं तर त्यांच्या पट्टीलाच पितळेची घंटी तारेनं गच्च बांधली होती. साहेब चिडले ते फक्त त्या घंटीवर. "पितळ आणि लोखंड असं एकमेकांना बांधून पाण्यात सोडतात का? लोखंड आधी मरतं!" बाई म्हणाली, "मला पोरगी झाली की." साहेबांनी घंटी सोडवली नाही, पट्टीही नेली नाही. येताना गाडीत म्हणाले, "आता ते रीडिंग काही खरं नाही."

कॉलनीत त्यांना एकट्याला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बायको नाशिकला शाळेत मुख्याध्यापिका, मुलगा परदेशात. भांडण वगैरे काही नव्हतं. तिकडची नोकरी सोडून त्या इकडे माळावर आल्या नाहीत आणि हे माळ सोडून तिकडे गेले नाहीत. रविवारी फोन यायचा. त्या तब्येतीचं विचारायच्या आणि हे टाक्यांची तब्येत सांगायचे. एकदा मी तिथं होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडे सांगण्यासारखं दुसरं काय असतं, बेटा?" मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्यांचं जेवण सुमनबाईंकडून यायचं. सुमनबाई म्हणजे आमच्या पंपावरच्या भीमरावांची बायको, राहायला शेजारच्याच चाळीत. साहेबांची नाळ त्या कॉलनीशी कशानं जुळलेली असेल तर त्या डब्यानं. पहिल्यांदा डबा ॲल्युमिनियमचा यायचा. त्यात चिंचेची आमटी बघून साहेब रात्रभर झोपले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन, दुकानात चुंबक लावून लावून, त्यांनी स्टीलचा तीन पुडांचा डबा आणला आणि सुमनबाईंच्या हातात दिला. "आंबट यातच घाला. हा तुम्हाला आणि मला दोघांनाही पुरून उरेल." सुमनबाई सगळ्या कॉलनीला सांगत सुटल्या, "सायबानी माझ्यासाठी भांडं पारखून आनलं." पुढे एकदा साहेबांनी गुपचूप त्यांच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत एक पट्टी सोडली. महिन्याभरानं फोडीबरोबर पट्टी वर आली आणि सुमनबाई बरणी घेऊन थेट क्वार्टरच्या दारात उभ्या राहिल्या.

"सायेब, लोनच्यात पत्रा कावून टाकला?"

"मीठ आणि आंबट एकत्र, बाई. इतकं कडक द्रव अख्ख्या प्लॅन्टमध्ये नाही."

"आता हे कोन खानार?"

ते साहेबांनी खाल्लं, वर्षभर, एकट्यानं, आणि प्रत्येक वेळी छान झालंय म्हणून निरोप पाठवला. सुमनबाई पदराआड हसायच्या. भाकरीवर लोण्याचा गोळा तेव्हापासून जरा मोठा यायला लागला.

सुट्टीच्या दिवशी साहेब बीडला आमच्या दुकानात येऊन बसायचे. दुकान म्हणजे काय, एक भट्टी, एक भाता आणि गिऱ्हाइकाची वाट बघणारे अब्बा. तांब्या-पितळेची भांडी आता कोण वापरतं? तरी एखादी हंडी आली की दोघंही तिच्याभोवती बसायचे. तापलेल्या तांब्यावर कथील फिरलं आणि काळं पोट एकदम चांदीसारखं उजळलं की साहेब दर वेळी "वा!" म्हणायचे, जणू पहिल्यांदाच बघतायत. एकदा त्यांनी अब्बांना विचारलं, हे कथील इतकं पातळ का लावता, जाड दिलं तर वर्षानुवर्षं उडणार नाही. अब्बा भाता मारता मारता हसले. "साब, कल्हई उडती म्हनून तर लोकं परत येतात. न उडनारी केली तर आपल्या दारात कोन येनार?" साहेबही हसले.

आता तो उन्हाळा सांगायला हवा.

डिस्टिलरीत स्पिरिट काढून झालं की मागे एक काळं, आंबट, उकळतं पाणी उरतं. ते साठवायला दोन नव्या टाक्या आल्या होत्या. जुन्या लोखंडी टाक्या दर दोन हंगामांनी सडायच्या. साहेबांनी भांडून, अर्ज-विनंत्या करून, चांगल्या स्टीलच्या टाक्या मंजूर करून घेतल्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा घरात लेकरू जन्मल्यासारखे ते रोज त्यांच्याभोवती फिरायचे. टाक्यांच्या खालीच पंप, आणि पंपावर भीमराव. नवी टाकी वापरात आणायच्या आधी पाण्यानं काठोकाठ भरून बघायची असते, कुठे पाझरते का, सांधा उघडतो का. तपासणी झाली की ते पाणी सोडून द्यायचं आणि टाकी लगेच कोरडी करायची. दुसरीकडे कुठेही या कामाचा कुणी दोनदा विचार करत नाही. नळ उघडला, पाणी गेलं, संपलं.

पण हा बीड जिल्हा, आणि त्या वर्षी पालीजवळच्या बिंदुसरेच्या धरणात तळाची माती भेगाळलेली. साहेबांनी तपासणीसाठी टँकरचं गोडं पाणी मागितलं. मॅनेजर म्हणाले, "माणसांना प्यायला नाही आणि तुम्हाला लोखंडाला गोडं पाणी पाहिजे?" मग कारखान्याच्या बोअरचं, कॉलनीही प्यायची ते खारट पाणी कितीतरी दिवस थोडं थोडं चढवून दोन्ही टाक्या भरल्या. भरल्या आणि बोअर आटला. त्या दोन टाक्यांत होतं तेवढंच पाणी आता कॉलनीच्या जवळपास उरलं. टँकर यायचा, पण कधी येईल आणि कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नव्हतं.

तपासणी झाली. साहेबांनी कॉलनीत निरोप दिला, परवा सकाळपर्यंत न्यायचं तेवढं पाणी न्या, मग मी टाक्या रिकाम्या करणार. बायकांनी हंडे, कळश्या, पिंपं, परातीसुद्धा भरल्या. साहेबांनी आगीच्या बंबाची टाकी भरून घेतली. बाकीच्या टाक्यांत मळीचा गाळ, त्यात भरून उपयोग नव्हता. एवढं करूनही दोन्ही टाक्या जवळजवळ भरलेल्याच. मॅनेजरनं लोकांना सांगून टाकलं, राहू द्या, पावसापर्यंत वापरा. कॉलनीत त्या दिवशी सणासारखं वातावरण होतं.

साहेब तीन वेळा मॅनेजरकडे गेले. खारं पाणी वाहतं असेल तर स्टीलला काही करत नाही, थांबलं की करतं. तळाशी गाळ बसतो, त्याखाली मीठ काम करत राहतं, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बाहेरून टाकी झळझळीत दिसते. मग हंगाम सुरू होतो, उकळतं पाणी आत येतं आणि खाली माणूस उभा असतो. मॅनेजर म्हणाले, "तुम्ही जाऊन लोकांना सांगा." मॅनेजरांनाही माहीत होतं, की साहेबांना लोकांना सांगणं जमणार नाही.

ठरलेल्या सकाळी साहेब एकटे गेले आणि पहिल्या टाकीचा तळाचा व्हॉल्व्ह उघडला. आदल्या दिवशीच त्यांनी तिथून कडुलिंबाच्या रोपांच्या रांगेपर्यंत कुदळीनं चर खणून ठेवला होता, पाणी अगदीच वाया जाऊ नये म्हणून. पाण्याचा आवाज ऐकून कॉलनी धावली. मी लॅबमधून पळत गेले तेव्हा बायका चरात वाट्या-तांबे घालून पाणी भरत होत्या आणि ते चिखल होऊन हातात येत होतं. साहेब बूट भिजलेल्या अवस्थेत व्हॉल्व्हपाशी उभे, चेहरा पांढराफटक. कुणीतरी ओरडलं, "चर आदीच खंदून ठिवलता बघा! ठरवूनच आलता ह्यो!"

ती टाकी रिकामी झाली. ते दुसऱ्या टाकीकडे वळले तर तिच्या व्हॉल्व्हसमोर सुमनबाई मांडी घालून बसलेल्या, मागे आणखी दहा-बारा जणी.

"बाई, उठा."

"न्हाई उठत."

साहेब क्षारांबद्दल बोलायला लागले. कोणता क्षार, कोणत्या स्टीलला, किती दिवसांत. मी त्यांना थांबवलं आणि सरळ सांगितलं, "सुमनबाई, ह्या टाकीखाली भीमराव उभे राहतात. हे पाणी आत ऱ्हायलं तर टाकी फुटंल. सायेब त्यांच्यासाठीच सांगतायत."

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांकडे बघत म्हणाल्या, "फुटंल तवा फुटंल. माझं लेकरू आज तानलंय."

आयुष्यभर ज्याला त्याला आत काय भरणार म्हणून विचारणाऱ्या माणसाला त्या दिवशी उत्तर मिळालं. ते मागे वळले आणि पायीच क्वार्टरकडे गेले. दुसरी टाकी भरलेली राहिली. त्या संध्याकाळी डबा आला नाही. सकाळी क्वार्टरच्या पायरीवर तो डबा ठेवलेला होता, राखेनं लख्ख घासलेला, तिन्ही पुडं रिकामी.

मग पाऊस पडेपर्यंत कॉलनीनं दुसऱ्या टाकीचं पाणी पुरवून पुरवून वापरलं. लेकरं त्या पाण्यानं न्हाली, म्हशी प्याल्या, एका घरात त्याच पाण्यावर बाळंतपण झालं. मी हे नाकारणार नाही, त्या टाकीनं माणसं जगवली. आणि हंगाम सुरू झाल्यावर एका दुपारी त्याच टाकीच्या बुडातून शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक धार सुटली आणि भीमरावांच्या हातावर पडली. साहेबांनीच त्यांना गाडीत घालून बीडला नेलं, दवाखान्यात दिवसभर बाकावर बसून राहिले. सुमनबाई आल्या, नवऱ्यापाशी गेल्या, जाताना साहेबांच्या समोरून गेल्या. थांबल्या नाहीत. हात बरा झाला, पण कोपराखालची कातडी अजून ताणल्यासारखी आणि फिक्की आहे.

मला राग आला होता. आता तरी हिला कळायला नको का? मी चाळीत जाऊन तसं बोललेही. सुमनबाई भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत.

"त्याचं खरं हुतं. आमी कुटं न्हाई म्हनतो?" त्या म्हणाल्या. "म्हनून पानी वताय लागतं व्हय?"

मी ते साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नाही." एवढंच. कोणत्या बाजूनं नाही म्हणाले, मी विचारलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. पूजा झाली की ओलं फडकं घेऊन साहेब सगळ्या टाक्यांवरचं हळदकुंकू पुसून काढायचे, डाग राहू नये म्हणून. लोक कुरकुरायचे आणि सोडून द्यायचे. त्यानंतरच्या दसऱ्यापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. भोकं बुजवून बुजवून ठिगळं लावलेली ती दुसरी टाकी, दर हंगामात नव्यानं पाझरणारी, तिच्यासमोर बायकांची गर्दी. तिला झेंडूची माळ, तिला नारळ, हळदकुंकवानं ती अर्धी भरून जायची. "आपली टाकी" म्हणायचे तिला. आणि शेजारी साहेबांची पहिली टाकी, एक डाग नाही, एक थेंब कधी पाझरली नाही, ती हळदकुंकवावाचून कोरडीच उभी. तिला कुणी बोटसुद्धा लावत नव्हतं. साहेब दर वर्षी फडकं घेऊन यायचे, सगळ्या टाक्या पुसायचे, आणि त्या टाकीपाशी पुसायला काही नसायचं म्हणून नुसतेच उभे राहायचे. जेवण ते हातानं करायचे. भाकरी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, पोळ्याही वातड व्हायच्या. मी कधी घरून काही नेलं तर आधी भांडं बघायचे, मग वास घ्यायचे, आणि मग निम्मं परत द्यायचे. सगळं एकदम संपवायची त्यांना भीती वाटत असावी.

अशी कितीतरी वर्षं गेली. लिंबाची ती रांग चांगली उंच झाली, तिच्या सावलीत जेवणाच्या सुट्टीत माणसं बसतात. साहेब रिटायर व्हायचे होते त्या वर्षीचा दसरा त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आला. निरोप समारंभ त्याच सकाळी कॅन्टीनमध्ये उरकून घेतला. शाल, नारळ, आणि काय द्यावं हे कुणाला सुचेना म्हणून स्टीलचा डिनर सेट. सेट समोर आला तसा साहेबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. सगळे बघायला लागले. हात खिशात गेला, तिथं थोडा थांबला आणि रिकामाच बाहेर आला. "छान आहे," ते म्हणाले. मला तिथं बसवेना.

पूजेच्या वेळी सुमनबाई नेहमीप्रमाणे ताट घेऊन आल्या. ठिगळाच्या टाकीची पूजा केली. मग परत जायच्या ऐवजी त्या पहिल्या टाकीसमोर येऊन थांबल्या. साहेब तिथंच फडकं घेऊन उभे होते. सुमनबाई त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "हिला कुकू लावलं तर चालंल का, इचारा."

साहेबही माझ्याकडेच बघून म्हणाले, "कुंकवात काय घातलंय ते आधी विचार."

मला वाटलं, या माणसाला आता हाणावं.

"हळद आन चुना," सुमनबाई म्हणाल्या. "घरी केल्यालं हाय."

साहेबांनी खरंच विचार केला. डोळे मिटून केला. मग थेट त्यांना म्हणाले, "चालेल."

सुमनबाईंनी हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढली, टाकीला हात लावून तो कपाळाला लावला. ताट उचलताना म्हणाल्या, "पानी आमी इसरलो न्हाई, सायेब."

"मीही नाही," साहेब म्हणाले.

त्या गेल्या. साहेबांनी सगळ्या टाक्या पुसल्या, एकेक, सावकाश. पहिल्या टाकीपाशी आले, फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

निघायच्या दिवशी मी आणि अब्बा बीडच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो. नाशिकची गाडी लागली होती. डिनर सेट त्यांनी अब्बांना देऊन टाकला होता. अब्बांनी त्यांना एक कल्हई केलेला तांब्या दिला आणि म्हणाले, "उडाली की परत आना साब." साहेब हसले. त्यांना खिडकीत बसवल्यावर मी खालून म्हटलं, कारण मला ते म्हणायचंच होतं, "शेवटी सुमनबाई आल्या ना, सर."

साहेबांनी खिडकीच्या गजावर सवयीनं टिचकी मारली. "टाकीकडे आल्या, बेटा," ते म्हणाले. "बरं झालं. तिच्याकडे कुणीतरी यायला पाहिजे होतं."

गाडी सुरू झाली आणि हिसका बसला तशी त्यांच्या मांडीवरची कापडी पिशवी कलंडून खिडकीच्या पत्र्यावर आपटली. आत तोच तीन पुडांचा डबा होता. तो वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला. तो आवाज ओळखायला मला त्यांनीच शिकवलं होतं.